मधुमेह, मद्य आणि जेवणाची वेळ

मधुमेह झालेल्या माणसाने मद्य घ्यावे की न घ्यावे असे विचारले, तर कोणताही जबाबदार डॉक्टर 'घेऊ नये' असेच सांगेल, आणि तसे सांगण्यात त्याची यत्किंचितही चूक नाही. जो पीत नाही त्याने मधुमेहासाठी, हृदयासाठी वा अन्य कोणत्याही प्रकृतिकारणासाठी पिण्यास आरंभ करावा असा सबळ पुरावा आजच्या वैद्यकाजवळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक मानता येत नाही असे निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे. ही गोष्ट आरंभीच स्पष्ट करून ठेवतो, म्हणजे पुढील विवेचनाचा विपर्यास होणार नाही. परंतु डॉक्टरांच्या खोलीतून हे उत्तर ऐकून बाहेर पडलेला मनुष्य त्या संध्याकाळी कोठे जातो, कोणाच्या बैठकीत बसतो, गोळी केव्हा घेतो आणि अन्नाचा पहिला घास त्याच्या तोंडात किती वाजता पडतो, याचा विचार त्या उत्तरात नसतो. आणि माझी अशी खात्री झाली आहे की, आमच्या कोल्हापुरात मधुमेही मद्यपीचा घात जितका पेल्यातील द्रव्याने होतो तितकाच उशिरा वाढल्या जाणाऱ्या पानाने आणि त्याच्याभोवती सर्वांनी मिळून पाळलेल्या मौनाने होतो.

या जिल्ह्याचा गोडाशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा आणि वारणा यांच्या काठचा ऊस, शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीतील गुळाचे सौदे, आणि त्यानंतर उभी राहिलेली साखर कारखान्यांची मालिका यांवर येथील संपत्तीचा, राजकारणाचा आणि लग्नकार्याच्या थाटाचा पाया रचला गेला. साखर काढून झाल्यावर जी मळी उरते ती आसवनीत जाते, तिच्यापासून मद्यार्क निघतो आणि त्या मद्यार्कापासून देशी दारू तयार होते. म्हणजे गूळ, साखर आणि मद्य ही तिन्ही येथे एकाच उसाच्या फडातून निघतात. चरकाचार्यांनी प्रमेहाची, म्हणजे मधुमेहाच्या कुळातील रोगांची, कारणे सांगताना सुखाचे बसणे, सुखाची झोप, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची गणना केली आहे. ज्या पिढीने नांगर सोडून ट्रॅक्टर घेतला आणि शेताच्या बांधापर्यंतही मोटारसायकलवरून जाण्याची सवय लावून घेतली, तिच्या दिनक्रमाचेच हे वर्णन वाटावे इतके ते तंतोतंत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही भारतीयांची संख्या दहा कोटींहून अधिक आढळली, आणि सर्व राज्यांत सर्वाधिक प्रमाण, शेकडा २६.४, गोव्याचे निघाले. आंबोलीचा घाट उतरून ज्या गोव्याकडे आमची मंडळी स्वस्त मद्याच्या ओढीने जातात तेथील हा आकडा आहे. तो मद्यामुळेच आला असे म्हणण्याचा माझा हेतू नाही, परंतु मद्याची आणि मधुमेहाची गाठ एकाच घरात पडण्याची शक्यता या टापूत किती मोठी आहे हे त्यावरून उमगावे.

आता मौनाकडे वळतो, कारण त्याला इतिहास आहे आणि त्या इतिहासात सरकारचाही वाटा आहे. इंग्रजी अमलात १८७८ च्या अबकारी कायद्याने मद्याकडे महसुलाची बाब म्हणून पाहिले. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या कलमाने औषधी उपयोग वगळून मादक पेयांच्या बंदीचे ध्येय राज्यापुढे ठेवले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षीचा मुंबई दारूबंदी कायदा येथील प्रजेलाही लागू झाला. पुढे १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधांच्या बाबतीत त्या कायद्यातील काही तरतुदी रद्द ठरवल्या. साठीच्या दशकापासून बंदी क्रमाक्रमाने सैल होत गेली. १९७३ च्या नियमांनी देशी दारूच्या विक्रीची रीतसर व्यवस्था लावली. तथापि मूळ कायदा दारूबंदीचाच राहिला, आणि त्याच्या आधाराने दिला जाणारा विदेशी मद्याचा परवाना आजही 'आरोग्याचे रक्षण व जतन' याच कारणासाठी दिला जातो. ज्या वस्तूने आरोग्याची हानी होते असे घटना सूचित करते, ती वस्तू बाळगण्याची मुभा आरोग्याच्या नावाने मिळते. पिणारा नागरिक दप्तरात रुग्ण म्हणून नोंदला जातो, आणि खरोखरीचा रुग्ण दवाखान्यात न पिणारा म्हणून नोंदला जातो. अर्धशतकाहून अधिक काळ ज्या विषयात खरे बोलण्याची गरजच कोणाला भासली नाही, त्या विषयात कसबा बावड्याचा एखादा शेतकरी डॉक्टरांसमोर एकाएकी खरे बोलू लागेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. डॉक्टर विचारतात, 'पिता का हो?' शेजारी पत्नी बसलेली असते, मागे रांग लागलेली असते. तो सांगतो, 'नाही साहेब, कधीतरी सणासुदीला.' कागदावर 'नाही' एवढेच उतरते आणि औषधाची चिठ्ठी त्या 'नाही'च्या आधाराने लिहिली जाते.

ही चिठ्ठी कशी घातक ठरू शकते हे समजण्यासाठी यकृताचे कार्य ध्यानात घेतले पाहिजे. जेवणानंतर अन्नातील साखर रक्तात येते. तिचा काही भाग यकृत साठवून ठेवते, आणि जेवण नसते त्या वेळी हा साठा थोडा थोडा मोकळा करून, शिवाय शरीरातील अन्य द्रव्यांपासून नवी साखर घडवून, मेंदूला अखंड पुरवठा चालू ठेवते. रात्रीच्या झोपेत आपण आठ तास उपाशी असूनही सकाळी शुद्धीवर जागे होतो ते यकृताच्या या अविश्रांत चाकरीमुळे. मद्य पोटात गेले की यकृताला ते विष आधी निकालात काढावे लागते. त्या खटपटीत त्याच्यातील रासायनिक समतोल असा बदलतो की, नवी साखर घडवण्याचे काम मंदावते वा जवळजवळ बंद पडते. निरोगी माणसाच्या शरीरात इन्सुलिन आपोआप कमी होऊन तोल सावरला जातो. परंतु ज्याने टोचून इन्सुलिन घेतले आहे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी घेतली आहे, त्याच्या रक्तातील साखर एकीकडून उपसली जात असते आणि दुसरीकडून भरपाईचा मार्ग मद्याने अडवलेला असतो. या गोळ्या स्वस्त आहेत, म्हणून ग्रामीण भागात त्यांचा प्रसारही फार आहे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका पुष्कळ कमी, परंतु अतिमद्यपानात त्या औषधाने रक्तात आम्ल साचण्याचे निराळे संकट उद्भवते. आणि मूत्रावाटे साखर बाहेर टाकणारी जी नवी औषधे आली आहेत त्यांच्या जोडीला उपास आणि मद्य आले तर रक्तात कीटोन वाढून रुग्ण अत्यवस्थ होतो.

येथे प्रमाणाचाही हिशेब मांडला पाहिजे, कारण 'एक क्वार्टर' हा शब्द आमच्याकडे अल्पप्रमाणाचा निदर्शक समजला जातो. व्हिस्कीच्या वा रमच्या बाटलीवर शेकडा ४२.८ असे मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते. त्या हिशेबाने १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. यकृत ताशी सात ते दहा ग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क सामान्यतः जाळू शकत नाही. म्हणजे रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटे चार ते सकाळी सातपर्यंत यकृताला गुंतवून ठेवते, आणि साखर उतरण्याचा धोका त्यानंतरही, कधीकधी चोवीस तासांपर्यंत, रेंगाळतो. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली सौम्य म्हणून घेतली जाते, तिच्यातही चाळीस ग्रॅमपर्यंत मद्यार्क असू शकतो, आणि वर पिष्टमय द्रव्ये असतातच. अमेरिकेतील मधुमेह संघटनेने पिणाऱ्या मधुमेह्यांसाठी स्त्रीला दिवसाकाठी एक प्रमाणित पेय आणि पुरुषाला दोन अशी कमाल मर्यादा सांगितली आहे, तीही आपल्या परिचयाच्या मापात साठ मिलिलिटरच्या दीड पेगच्या आतच संपते. आणि ती मर्यादा म्हणजे रोज घेण्याची शिफारस नव्हे, किंवा सहा दिवसांची शिल्लक रविवारी एकदम खर्च करण्याची परवानगीही नव्हे.

परंतु प्रमाणापेक्षाही मला वेळेविषयी अधिक बोलायचे आहे, कारण या बाबतीत आमच्या गावाची रीत वैद्यकाला सर्वस्वी उलटी पडली आहे. कोल्हापूरचे रस्सा मंडळ ज्याने अनुभवले आहे त्याला मी सांगतो ते ताबडतोब पटेल. पाचदहा स्नेही, कोणाचा तरी मळा, सायंकाळी पेटलेली चूल, घरून आणलेली कांदा-लसूण चटणी, आणि मटण निवडण्यापासून ते फोडणीपर्यंत प्रत्येक गोष्टीत दहा जणांचे दहा अभिप्राय. या संस्थेविषयी मला मनापासून आदर आहे. तालमीतला हमाल आणि पेठेतला व्यापारी एका चुलीशी बसून कांदा चिरतात अशी समतेची जागा सहसा दुसरीकडे सापडत नाही. आषाढात टेंबलाईच्या यात्रेला, गटारीला, वर्षअखेरीस, निवडणूक जिंकल्यावर आणि हरल्यावरही हे मंडळ जमते. मटण शिजायला वेळ लागतो, आणि तोच वेळ पिण्याचा असतो. पेला आठला हाती येतो, फार तर सोबतीला चार शेंगदाणे आणि अळणीची एखादी वाटी येते, आणि पान मांडले जाते अकराला, साडेअकराला. आता या बैठकीतील मधुमेही मनुष्य पाहा. चार लोकांत सुई काढणे त्याला लज्जास्पद वाटते, म्हणून तो घरून निघतानाच, सात वाजता, रात्रीचे मिश्र इन्सुलिन टोचून घेतो. किंवा 'जेवणाआधी अर्धा तास' म्हणून लिहिलेली गोळी गिळून येतो. ज्या औषधाने अर्ध्या तासाने येणाऱ्या भाकरीची वाट पाहायची, त्याला चार तास काहीच मिळत नाही, आणि त्याच चार तासांत यकृताची भरपाई मद्याने थोपवून धरलेली असते.

जेवण आले म्हणजे तरी संकट टळावे. परंतु येथे आमच्या पाककलेचे एक वैशिष्ट्य आडवे येते. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके मटण, अळणी, या साऱ्या वैभवात साखरेत रूपांतर होणारा पिष्टमय अंश फारच थोडा असतो. तांबड्यात मसाला, तेल आणि मांसाचा अर्क. पांढऱ्यात नारळाचे दूध आणि खसखस. वाट्यांमागून वाट्या रिचवून तुडुंब भरलेले पोट मेंदूच्या दृष्टीने रिकामेच असू शकते. पिष्ट असते ते भाकरीत आणि भातात, आणि मधुमेह्याला तर 'भात बंद, भाकरी अर्धी' असे बजावलेले असते. तो ती आज्ञा त्याच रात्री अक्षरशः पाळतो; मद्याच्या बाबतीत मोडलेल्या पथ्याचे प्रायश्चित्त भाकरी सोडून घेतो. इतर दिवशी हितकारक असलेला हा संयम त्या एका रात्री जीवावर बेतू शकतो, आणि हे त्याला कोणी सांगितलेले नसते, कारण तो पीत नाही असे कागदावर लिहिलेले असते.

याहून अधिक फसवी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडते. मनुष्य सुखरूप उठला, लॅबमध्ये उपाशीपोटीची साखर तपासली, आणि नेहमी १८० असणारा आकडा ११० आला. त्यातून तो असा सिद्धांत काढतो की, कडू पदार्थाने गोड रोग मारला. कारल्याच्या रसाने जे होते ते क्वार्टरने अधिक झटपट होते. हा समज मी सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकला आहे. वस्तुतः तो उतरलेला आकडा मद्याने यकृताचे काम थांबवल्याची खूण आहे. आणखी एक पेला, आणखी एक तास उशीर किंवा मळ्यातून घरापर्यंतची थोडी अधिक पायपीट, एवढ्यानेच तो ११० चा चाळीस झाला असता. मद्याने मधुमेह आवरत नाही. मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सात कॅलरी शरीरात येतात, पोटाचा घेर वाढतो, रक्तातील चरबी चढते, यकृतात मेद साचतो, आणि पायांच्या ज्या मज्जातंतूंना मधुमेह आधीच पोखरत असतो त्यांना मद्यही पोखरते. तळपाय बधिर झालेल्याने तर मद्याला स्पर्शही करू नये.

साखर उतरलेल्या माणसाला घाम सुटतो, हात कापतात, जीभ जड होते, पाय लटपटतात, तो असंबद्ध बोलतो किंवा विनाकारण चिडतो, आणि शेवटी निपचित पडतो. यांपैकी कोणते लक्षण मद्याच्या अमलाचे नाही? तोंडाला दारूचा वास असलेला असा मनुष्य मंडळात पडला तर 'चढली आहे, झोपू दे' म्हणून त्याच्यावर पांघरूण घातले जाते; रस्त्याच्या कडेला पडला तर दारूबंदी कायद्याच्या पंच्याऐंशीव्या कलमाचा आरोपी म्हणून त्याच्याकडे पाहिले जाते. ज्याला झोपेत उतरेल असे समजून सोडून दिले जाते त्याचा मेंदू त्या झोपेतच कायमचा निकामी होऊ शकतो. थोरल्या दवाखान्यात, म्हणजे सीपीआरमध्ये, पोहोचलेल्या बेशुद्ध माणसाच्या बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर पाहिली जाते. हीच तपासणी पोलीस चौकीत आणि प्रत्येक रस्सा मंडळाच्या पिशवीत का असू नये, हे मला समजत नाही. साखर मोजण्याच्या यंत्राची किंमत दोन किलो मटणाहून अधिक नाही.

कोणी म्हणेल की, या साऱ्या भानगडीपेक्षा वाइन घ्यावी. ती फळांची, सौम्य, आणि हृदयाला हितकर. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीला संमती देण्याचा निर्णय घेतला तेव्हा द्राक्षबागायतदारांच्या हिताबरोबर हेही पुष्कळ बोलले गेले. इस्रायलमध्ये २२४ मधुमेह्यांवर दोन वर्षे झालेला आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग त्यासाठी पुढे केला जातो. त्यात रात्रीच्या जेवणाबरोबर, हे शब्द महत्त्वाचे आहेत, काहींना १५० मिलिलिटर तांबडी वाइन देण्यात आली होती, आहार आखून दिलेला होता, आणि रक्तातील चरबीच्या घटकांत जी सुधारणा दिसली ती माफक होती. त्यावरून उपाशीपोटी निम्मी बाटली संपवण्याचे समर्थन करणे हा त्या संशोधकांवर अन्याय आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्याची गणना कर्करोगकारक पदार्थांत १९८८ सालीच केलेली आहे, आणि द्राक्षांपासून निघालेला मद्यार्क उसापासून निघालेल्या मद्यार्काहून निराळा नसतो.

माझ्या या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो ज्या स्त्रियांकडून येईल त्यांच्याविषयी मला अत्यंत आदर आहे. मतदान करून गावातील दारूची बाटली आडवी करणाऱ्या बायका म्हणतील, 'तुम्ही पिण्याची रीत शिकवता, म्हणजे पिण्याला प्रतिष्ठा देता. आमच्या घरातला संसार कोणत्या रीतीने बुडाला ते आम्हाला विचारा.' या आक्षेपातील वेदना खरी आहे. ज्याला एका पेल्यावर थांबता येत नाही त्याला प्रमाण आणि वेळ शिकवणे निष्फळ आहे; त्याला व्यसनमुक्तीचा उपचारच हवा, आणि तो आजार समजून द्यायला हवा. परंतु उरलेल्यांचे काय? आपल्याच परंपरेकडे पाहिले तर चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात मदात्ययाचा स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि त्यात मद्यापासून होणाऱ्या रोगांच्या उपचारांबरोबरच अन्न, मात्रा, काळ आणि स्वतःचे बल पाहून प्यालेले मद्य आणि तसे न पाहता प्यालेले मद्य यांतील अंतरही सविस्तर सांगितले. हा अध्याय लिहिल्याने वैद्याचा अधिकार कमी झाला असे कोणी मानले नाही. लोक काय करतात ते पाहून त्यातून त्यांना कसे वाचवावे हे सांगणे हा वैद्यकाचा धर्म आहे, आणि एखाद्या कृत्याचा निषेध करूनही तो पाळता येतो. शिवाय, जिच्या नवऱ्याने मद्य सोडलेले नाही तिलाच या ज्ञानाची गरज सर्वांत अधिक आहे. कारण रात्री दोनला घामाने भिजलेला तो देह तिच्याच शेजारी असतो, आणि हा दारूचा घाम की साखर उतरल्याचा, याचा निवाडा तिलाच करावा लागतो. दवाखान्यात तिच्यासमोर नवरा खोटे बोलतो आणि तीही मान खाली घालून गप्प बसते. त्या मौनाची सर्वांत मोठी किंमत तीच मोजते.

म्हणून तिने काय करावे ते सांगतो. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि सावरताच भाकरी किंवा बिस्किटे खायला घालावी. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी तो घेत असेल तर साखर आणि गूळ दोन्ही लवकर लागू पडत नाहीत, त्याला ग्लुकोजची पूडच लागते. ती घरात आणून ठेवलेली असावी. तो बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा. आणि फोनवर दारूची गोष्ट लपवू नये. बेशुद्धीवर जे ग्लुकागॉनचे इंजेक्शन सांगितले जाते ते यकृतातील साठ्यावर अवलंबून असते, आणि उपाशीपोटी मद्य घेतलेल्याच्या यकृतात तो साठा पुरेसा नसतो. शिरेतून ग्लुकोज देणे हाच खरा उपाय, आणि तो घरच्यांना करता येत नाही.

काही जणांच्या बाबतीत मात्र वेळ आणि प्रमाण यांची चर्चाच नको. स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेलेले, यकृताचा विकार असलेले, रक्तातील ट्रायग्लिसराइड फार चढलेले, डोळ्यांच्या वा मूत्रपिंडाच्या उपद्रवांपर्यंत पोहोचलेले, गर्भवती स्त्रिया, आणि साखर उतरल्याची सूचनाच ज्यांच्या शरीराला आता मिळत नाही असे जुने इन्सुलिनधारक, यांच्यासाठी पूर्ण वर्ज्य हाच एक मार्ग आहे. जाता जाता आसव-अरिष्टांविषयीही सांगून टाकतो. द्राक्षासव, लोहासव ही औषधे गूळ किंवा मध घालून आंबवलेली असतात आणि त्यांत आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. मद्याला कधी शिवलेही नाहीत अशा वृद्ध बायका शक्तीसाठी ती दोन्ही वेळा घेतात. त्यांची मात्रा अल्प असली तरी मधुमेही व्यक्तीने ती वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नयेत.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना माझी विनंती आहे की, 'पिता का?' हा प्रश्न त्यांनी बदलावा. 'पिता तेव्हा जेवता किती वाजता?' असे विचारावे; या प्रश्नाला खरे उत्तर मिळते. ते उत्तर ऐकून त्या रात्रीपुरती इन्सुलिनची मात्रा आणि गोळीची वेळ यांविषयी स्पष्ट सूचना लिहून द्यावी, कारण मात्रा कमीजास्त करण्याचा अधिकार रुग्णाने स्वतःकडे घेणे बरोबर नाही. आणि रस्सा मंडळांच्या कारभाऱ्यांना विनंती आहे की, मंडळात एक जरी मधुमेही असेल तर चूल दोन तास आधी पेटवावी. मटण शिजायच्या आधी भाकरीची चळत तयार ठेवावी. मधुमेही गड्याने इन्सुलिन वा गोळी भाकरी समोर आल्यावरच घ्यावी, लाज न बाळगता चार लोकांत घ्यावी, आधी एक भाकरी खावी, आणि पेला घ्यायचाच असेल तर जेवणाबरोबर एकच, साठ मिलिलिटरच्या आतला, पाण्यातून घ्यावा. मंडळातील एकाने त्या रात्री पिऊ नये, म्हणजे गाडी चालवायला आणि सोबत्याचा घाम ओळखायला एक शुद्धीतला मनुष्य राहील. घरी पोहोचल्यावर साखर मोजावी, शंभराच्या खाली असेल तर खाल्ल्यावाचून झोपू नये, आणि पत्नीला उठवून सांगावे की, आज मी प्यालो आहे, पहाटे मला एकदा हाक मार.